सिंदेवाहीच्या सुया

विदर्भाच्या पूर्व कडेला जाणाऱ्या एस.टी.त बसलेला माणूस कशासाठी निघाला आहे, हे त्याच्या जवळच्या वस्तूवरून ओळखता येते. गळ्यात दुर्बीण असली की तो ताडोब्याचा वाघ पाहायला, हातात नारळ असला की मार्कंड्याच्या महादेवाला, आणि मांडीवर लाडवांचा डबा असला की लेकीच्या सासरी. माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा होता खरा. पण त्याच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला चपलांचा एक जोड होता. जाड, मऊ तळाचा, मागून पट्टा असलेला, आणि दिसायला अगदीच कुरूप. ऐन आश्विनात, घरी करंज्यांचे सारण भाजले जात असताना, मी सिंदेवाहीला निघालो होतो तो माझ्या आत्याच्या तळपायांसाठी.

त्याचे असे झाले. आत्याने पंचाहत्तरी गाठली आहे. तिकडच्या शाळेत तिने जन्मभर मुले शिकवली, आणि गेली वीस-बावीस वर्षे मधुमेह सांभाळला. एके दिवशी तिचा फोन आला.

“बाबू, इथं नागपूरच्या एक बाई येऊन राहिल्या दर बाजाराला. सुया टोचतात. टोचून घेऊ का?”

“थांब जरा, चौकशी करून सांगतो,” असे मी म्हणतो न म्हणतो तोच पलीकडून आवाज आला, “बरं. चार डाव टोचून झाल्या आहेत. झोप छान लागून राहिली.”

आमच्या आत्याची सल्ला विचारण्याची रीत ही अशी आहे.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड असा रस्ता. या वाटेने पूर्वी नागपूर-नागभीड अशी छोटी गाडी धावत असे. ‘धावत असे’ हे आपले व्याकरणापुरते. उतरून चार पावले चालावे आणि पुन्हा तीच गाडी पकडावी, अशी तिची चाल होती. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि मोठ्या रुळाच्या कामाची सुरुवात झाली. भिवापूर आले की मला मिरची आठवते. तिथल्या मिरचीने डोळ्यांतून पाणी काढले नाही असा विदर्भातला माणूस विरळा. पण गंमत अशी की, मिरचीत जे तिखट द्रव्य असते, कॅप्सेसिन, त्याचेच मलम आणि पट्ट्या आज नसांच्या आगीवर लावतात. मिरची जिभेवर पडली की ती भाजल्यासारखी का वाटते, याचा शोध अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी याच द्रव्यावरून लावला आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक वाटून घेतले. आपल्या तंतूंना उष्णतेची खबर देणारे जे दार असते तेच मिरची ठोठावते. सारखी ठोठावत राहिली की दार ऐकेनासे होते. काट्याने काटा काढतात तसे आगीने आग काढण्याचा हा प्रकार. एस.टी. भिवापूरला थांबली तेव्हा मी भजी खाल्ली. त्यातली मिरची मात्र बाजूला काढून ठेवली. ज्ञान वेगळे, पोट वेगळे.

नागभीडला उतरून गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरली. तळोधी रोड, आलेवाही, मग सिंदेवाही. दोन्ही अंगांना जंगल, मधूनच एखादी धानाची बांधी, एखादे तळे. ‘वाही’ने संपणारी नावे या झाडीत किती तरी. सिंदेवाहीच्या नावात शिंदीची झाडे असावीत असा माझा आपला तर्क. आत्याला तो मान्य नाही, पण तिला माझे कोणतेच तर्क मान्य नसतात.

आश्विनातली झाडीपट्टी ज्याने पाहिली नाही त्याला धान म्हणजे काय ते कळले नाही, असे मी बेधडक म्हणतो. हलके धान पिवळे पडू लागलेले, भारी धान अजून हिरवे, आणि त्यांच्यामधून जाणारी धुऱ्याची वाट दवाने भिजलेली. कोहळ्यांनी खणलेली आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखली गेलेली तळी तुडुंब भरलेली असतात. त्यांत ढिवर मंडळी शिंगाडे काढत असतात. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. वडशाच्या नाटक कंपन्यांची पत्रके स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर आत्ताच लागली होती. आत्याच्या घरी पानात जो भात पडला तो ‘एचएमटी’. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत निवडून काढले आणि त्या काळच्या नावाजलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला दिले. सिंदेवाहीत कृषी विद्यापीठाचे भाताचे संशोधन केंद्र आहे, त्यामुळे इथे भाताविषयी बोलताना जपून बोलावे लागते. पानावर बसलेला कोणीही तज्ज्ञ असू शकतो.

हे सगळे धान बाया कमरेत वाकून, घोटाभर चिखलात अनवाणी उभ्या राहून रोवतात. तेव्हा या मुलखात दुखण्याला तोटा नाही.

रात्री मी पडवीत झोपलो. एकच्या सुमारास जाग आली तर आत्या अंगणातल्या गार फरशीवर पाय टेकून बसलेली.

“झोप लागते म्हणालीस ना?”

“लागते. पण आज लागली नाही. तूच आलास म्हणून असेल.”

मग ती सांगू लागली. संध्याकाळ झाली की बोटांच्या टोकांना मुंग्या, मग झिणझिण्या, मग कोणी निखाऱ्यावरून चालवावे तशी आग. मधूनच सुरी फिरवावी तशी चमक. पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाही. मराठीला दुखण्याच्या शब्दांची काही वाण नाही: कळ, ठणका, रग, सल, चमक, आग. पण दुखणारी वस्तू कोणती असे विचारा, की आपण सगळे ‘नस’ या एकाच शब्दावर येऊन थांबतो. रक्त वाहते तीही नस, मान अवघडते तीही नस, आणि मज्जातंतू तर नसच. या एका शब्दापायी किती औषधे चुकली असतील, देव जाणे.

आत्याची नस ती मज्जातंतूची. कमरेपासून अंगठ्यापर्यंत जाणारा हा तंतू हातभराहून लांब. त्याची पेशी बसलेली मणक्यापाशी आणि टोक तिकडे पायाच्या बोटात. रक्तात वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की तंतूला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, तंतूही बिघडतो, आणि सर्वांत लांबचे टोक सर्वांत आधी सुकते. कालव्याच्या शेवटच्या बांधीला पाणी पोहोचत नाही, तसे. म्हणून हे दुखणे मोजा चढावा तसे बोटांकडून वर चढते. यातली खरी विचित्र गोष्ट अशी, की बधिरपणा आणि आग एकाच पायात नांदतात. तुटत आलेली तार बाहेरची बातमी नेत नाही, पण स्वतःच खरखरत राहते. ज्या पायाला काटा रुतलेला कळत नाही, तोच पाय रात्री जळतो.

दिव्यापाशी औषधाचा डबा होता. मी सहज उघडून पाहिला. साखरेच्या गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी. तारखा पाहिल्या, पाकिटे मोजली. तीन आठवडे गोळी घेतलेली नव्हती.

“आत्या, हे काय?”

“आता सुया आहेत ना,” ती म्हणाली. शाळेत चोरून बोरे खाताना पकडलेल्या पोरासारखा तिचा चेहरा झाला. चाळीस वर्षे पोरांना पकडणाऱ्या बाईंचा तसा चेहरा मी पहिल्यानेच पाहत होतो. मी रागावून बोललो. नको तितके बोललो. ती काही म्हणाली नाही, फक्त पाय दुसऱ्या, गार फरशीवर सरकवले.

दुसरा दिवस बाजाराचा. सुईवाल्या बाईंशी दोन शब्द स्पष्टच बोलायचे असे ठरवून मी आत्याबरोबर गेलो. किराणा दुकानाच्या मागची खोली. दोन खाटा, मध्ये पडदा, भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, तेव्हापासून या पद्धतीने उपचार करणाऱ्याला रीतसर शिक्षण आणि नोंदणी लागते. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसे. बाई चाळिशीतल्या, सडपातळ, बोलण्यात नागपुरी मोकळेपणा. मी माझे भाषण सुरू करण्यापूर्वीच आत्या म्हणाली, “ताई, माझा भाचा भांडायला आला आहे. मी साखरेच्या गोळ्या बंद केल्या म्हणून.”

बाईंच्या हातातली सुई हातातच राहिली.

“बाई, तुम्ही गोळ्या बंद केल्या? मला विचारलं नाही?”

“पाय थांबले होते ना…”

“पाय थांबले नव्हते, पायांची ओरड थांबली होती. मी साखर उतरवत नाही बाई. मला जमलं तर मी झोप देते, एवढंच. तुमच्या डॉक्टरांना आज दाखवून या, साखर तपासून घ्या, तोवर मी सुई लावणार नाही.”

माझे भाषण तिथेच संपले. दवाखान्यात जाऊन, साखर तपासून (किती निघाली ते आत्याने छापू दिले नाही), डॉक्टरांची बोलणी खाऊन आणि गोळ्या पुन्हा सुरू करून आम्ही दुपारी परत आलो, तेव्हा कुठे आत्याला खाट मिळाली.

ही सुई इंजेक्शनची नव्हे. ती भरीव असते, तिच्यातून औषध जात नाही, आणि जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. केसाहून थोडी जाड म्हणा. पाकिटातून काढायची, एकदा वापरायची, कडक डब्यात टाकायची. बाईंनी आत्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे मोजली, नडगीच्या बाहेर एक बोट सरकल्या, आणि टिचकी मारावी तशी सुई आत गेली. या जागेचे चिनी नाव झूसानली, म्हणजे पायाचे तीन ली. ली हे तिकडचे कोसासारखे अंतराचे माप. थकलेला वाटसरू ही जागा दाबून आणखी तीन ली चालतो, अशी त्या नावाची कथा सांगतात. दुसरी सुई घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटे वर, आणखी काही हातांना. बधिर तळव्याला मात्र बाईंनी सुई लावली नाही. “जिथं टोचलेलं कळत नाही, तिथं जखम झालेलीही कळत नाही,” त्या म्हणाल्या. सुई किंचित फिरवली की आत जड, मुरगळल्यासारखे वाटते. आत्या म्हणाली, “दुखत नाही. कोणी आतून हाक मारल्यासारखं होतं.” मग ती वीस मिनिटे निपचित पडून राहिली.

मी बाकावर बसून विचार करीत होतो की, चीनमधली ही विद्या या झाडीत आली कशी? आणि आठवले की, तिच्या वाटेवर आपल्याच माणसांची पावले आहेत. जपानने चीनवर स्वारी केली तेव्हा, १९३८ मध्ये, राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. पुढारी अलाहाबादचे डॉ. अटल, बरोबर आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. कोटणीस परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते तिकडेच गेले. शांतारामबापूंच्या चित्रपटाने १९४६ मध्ये त्यांचे नाव घरोघर पोहोचवले. कोटणीस हे शल्यविशारद. युद्धातल्या जखमा शिवणे हे त्यांचे काम, सुया टोचणे नव्हे. सुया आणल्या त्या त्यांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५० नंतरच्या दशकात ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा उपचार करू लागले. पुढे कोटणिसांच्या स्मृतीसाठी जी समिती उभी राहिली, तिच्या नावाने ठिकठिकाणी सुयांचे दवाखाने निघाले. अमेरिकेला याची खबर लागली ती १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन यांचे पेकिंगमध्ये ॲपेंडिक्स काढले, पोटातला त्रास सुयांनी उतरला, आणि त्यांनी तो अनुभव पहिल्या पानावर छापला. आमच्या कलकत्त्यात तोवर बारा वर्षे सुया चालू होत्या. पण तिथे कोणा संपादकाचे पोट दुखले नसावे.

बाकावर माझ्या शेजारी एक गोंड आजी बसली होती. तिच्या पोटऱ्यांवर, गुडघ्यांभोवती निळ्या ठिपक्यांचे गोंदण. मी पाहतो आहे हे पाहून ती म्हणाली, “हे आमच्या सुया जी. पाय दुखे म्हणून मायनं गोंदलं होतं.”

“मग थांबलं?”

“तवा थांबलं. आता पाय जरते रातभर.” आणि ती तोंडभर हसली.

गोंदणाने सांधे धरत नाहीत हा समज मध्य भारतातल्या आदिवासींत जुना आहे. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावरही गोंदणाच्या एकसष्ट खुणा आहेत. त्यातल्या कित्येक कमरेवर, गुडघ्यापाशी आणि घोट्यावर, म्हणजे त्याचे सांधे झिजले होते तिथे. दुखते तिथे टोचावे, चटका द्यावा, बिब्बा घालावा, तुंबडी लावून रक्त ओढावे, ही बुद्धी माणसाला सगळीकडेच झाली आहे. चिनी लोकांनी तर सुई आणि चटका या दोहोंचे मिळून एकच नाव ठेवले आहे. ते वाळलेल्या वनस्पतीची वात जाळून जागा शेकतात. आमच्याकडे तापलेल्या लोखंडाने डाग देतात. दोहोंत फरक आहे तो मोठा आहे. डागाने जखम होते, ती चिघळते. मधुमेह्याच्या पायाला तर ती पाय घालवील. म्हणून ‘आमचेही तेच होते’ अशी फुशारकी मारणाऱ्यांत मी नाही.

सुईने दुखणे उतरते कसे, यावर बाई यिन-यांग आणि प्राणाच्या वाटा सांगतात. मला त्या वाटा सापडल्या नाहीत. पण १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलेली फाटकाची कल्पना मला पटते. कोपर आपटले की आपण आधी ते चोळतो. चोळण्याची संवेदना कण्यातल्या फाटकाशी लवकर पोहोचते आणि कळेला वाट अडवते. शिवाय सुई टोचल्यावर शरीर आपल्या पोटातली अफू, म्हणजे एंडॉर्फिन नावाची द्रव्ये, सोडते असे प्रयोगांत दिसले आहे. इथवर ठीक. पण नसांच्या जुन्या दुखण्यावर सुया खरोखर चालतात काय? २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरचे प्रयोग चाळले. कसोटीला लावण्याजोगे निघाले फक्त सहा, त्यांत माणसे ४६२, आणि निष्कर्ष असा की, गुण येतो किंवा येत नाही यांपैकी काहीच छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही. अडचण अशी की, खोटी गोळी देता येते, तशी खोटी सुई देणे अवघड. टोचल्यासारखे भासवून आत न जाणाऱ्या सुया निघाल्या आहेत, पण त्यांचा स्पर्शही काही तरी करतोच. आणि आठवड्यातून एकदा कोणी तरी वीस मिनिटे आपल्या दुखण्यापाशी बसते, याचा गुण कोणत्या खात्यात मांडायचा?

हे सारे मी बाईंना सुनावले. त्यांनी शांतपणे ऐकले. “मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “दहातले चार-पाच जण म्हणतात बरं वाटतं. उरलेल्यांना सहा वेळा पाहून सांगते, पैसे वाया घालवू नका, डॉक्टरांकडे झोपेच्या वेळच्या गोळ्या मिळतात, त्या घ्या. तुमच्या आत्यांनाही मी तेच म्हटलं होतं. त्यांना गोळ्यांनी दिवसा झापड येते.” हे खरे होते. नसांच्या आगीवर ज्या गोळ्या देतात, त्यांनी आत्या एकदा न्हाणीघरात पडली होती. म्हणून तर ती सुयांकडे वळली.

चार वाजता एक तरुण आत आला. पंचविशीचा, रोवणी-कापणीला ट्रॅक्टर चालवणारा. उजव्या हाताची करंगळी बधिर, कोपरापासून खाली कळा. “इंजेक्शनं घेतली जी, तेल लावलं. काही फरक नाही. सुया टोचा.” बाईंनी हात हातात घेतला आणि कोपराच्या मागे, आपटले की झिणझिण्या येतात त्या खोबणीत, बोटे फिरवली. मग दुसऱ्या हाताच्या कोपराला. पुन्हा पहिल्याला. त्यांचा चेहरा बदलला. “सदरा काढ बरं.” पाठीवर, खांद्याच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टा होता. बाईंनी कापसाची बारीक वात केली, त्याला डोळे मिटायला सांगितले, आणि जिथे स्पर्श होईल तिथे बोट लावायला. तो भराभर बोट लावत गेला. चट्ट्यावर वात फिरली तेव्हा त्याचा हात हललाच नाही.

“भाऊ, तुला सुई नाही टोचत मी. उद्या सकाळी ग्रामीण रुग्णालयात जा. मी चिठ्ठी देते.”

“काहून जी? सगळ्यायले टोचता न!”

“तुझी नस सुजली आहे. कशानं सुजली ते त्यांनी ठरवावं. आत्ता गेलास तर बोटं वाचतील.”

त्याला कळले. या मुलखात हा आजार न सांगता कळतो. याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. देशात २००५ च्या अखेरीस कुष्ठरोग आटोक्यात आल्याचे जाहीर झाले, तरी चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे रोगी सापडतात. हा जंतू नसांत घर करतो. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधे एकत्र देण्याचा सल्ला दिला, आणि आपल्या देशात ती सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत दिली गेली त्यांत शेजारचा वर्धा होता. आज सहा महिने किंवा वर्षभर फुकट गोळ्या मिळतात आणि रोग बरा होतो. नस सुजली असेल तर सूज उतरवणारी औषधेही लागतात, आणि ती वेळेवर लागतात.

वेळेवर म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. माझ्या धाकट्या मामांची करंगळी अशीच बधिर झाली होती. पस्तीस वर्षे झाली असतील. कोणी वात म्हणून तेल चोळले, कोणी मनगटावर डाग दिला, एका दवाखान्यात ताकदीची इंजेक्शने झाली. दोन वर्षे गेली. खरा रोग समजला तोवर करंगळी आणि अनामिका तळहाताकडे वळून बसल्या होत्या. गोळ्यांनी रोग गेला, बोटे तशीच राहिली. मामा पेटी फार सुरेख वाजवत. भाऊबिजेला आमच्या अंगणात त्यांची पेटी आणि आईचे गाणे असे. त्यानंतर पेटी माळ्यावर गेली, आणि ‘मामा, वाजवा ना’ असे म्हणणारा मी एकटाच लहान मुलगा होतो, ज्याला कोणी काही सांगितले नव्हते.

त्या तरुणाने चिठ्ठी खिशात घातली, पण तो उठेना. “एक सुई तरी टोचा न, बाई.” बाई नाही म्हणाल्या. मग त्याने सदरा घातला आणि बाकावरच्या कोणाकडे न पाहता निघून गेला. तो उद्या जाईल की नाही, हे बाईंनाही सांगता आले नसते. त्या खिडकीपाशी गेल्या आणि तो वळणापर्यंत जाईतो पाहत राहिल्या.

मी आणखी चार दिवस राहिलो. आत्याला दोन रात्री झोप लागली, दोन रात्री नाही. माझ्या कुरूप चपलांना तिने आधी नाक मुरडले, मग ‘फक्त अंगणात’ अशी सवलत दिली. रात्री झोपण्यापूर्वी आरसा जमिनीवर ठेवून ती तळवे पाहते, भेगा आहेत का, काटा आहे का. तिसऱ्या रात्री खरोखरच बोराटीचा काटा निघाला. केव्हाचा होता कोणास ठाऊक. तिने तो चिमट्यात धरून मला दाखवला. “बघ, ही सुई कोणी टोचली?”

निघायच्या दिवशी स्टेशनावर गाडीला उशीर होता. नाटकाच्या पत्रकाखाली तो ट्रॅक्टरवाला तरुण उभा होता, एका पाहुण्याला पोहोचवायला आलेला. मला ओळखून तो जवळ आला, इकडेतिकडे पाहिले आणि खिशातून गोळ्यांचे महिनाभराचे पाकीट अर्धवट वर काढून दाखवले. पहिल्या खणातल्या गोळ्या संपलेल्या होत्या.

“दुसऱ्याच दिवशी गेलो,” तो म्हणाला. “आणखी सूज उतरायच्या गोळ्या दिल्या.” पाकीट खाली सरकवून त्याने खिशाचे बटण लावले, डाव्या हाताने. मग विचारले, “तुम्ही शिकलेले दिसता जी. हे सारं संपलं म्हणजे तरी त्या बाई सुया टोचतील का?”

तेवढ्यात गाडी आली.